लखलख, लखकन, लख्ख : प्रकाशाचे आणि क्षणाचे मराठी शब्द

प्रकाश आणि काळ मोजण्यासाठी विज्ञान दोन वेगळी साधने वापरते. परंतु जो प्रकाश एकाएकी दिसतो आणि दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो, त्याचे वर्णन करताना भाषेला या दोन्ही गोष्टींची नोंद एकदमच करावी लागते. वीज, काजवा, तारा, पाण्यावर पडलेले ऊन किंवा फिरत्या दागिन्याची चमक यांच्या बाबतीत ‘किती प्रकाश’ आणि ‘किती वेळ’ हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत. म्हणूनच जगातील अनेक भाषांत चमकण्याचे शब्द आणि क्षणाचे शब्द एकमेकांच्या घरात राहताना आढळतात. मराठीने या दोहोंची सांगड आपल्या पद्धतीने, शब्दाचा आकारच बदलून, घातली आहे, आणि ती पद्धत समजून घेण्यासाठी कोल्हापूर हे सोयीचे ठिकाण आहे; कारण तिथे मावळत्या सूर्याच्या काही मिनिटांच्या प्रकाशाचा उत्सव होतो, जवळच हुपरीत चांदीला झळाळी आणण्याचा व्यवसाय चालतो, आणि शहराच्या दक्षिणेला व पूर्वेला कन्नड भाषेची हद्द लागते.

एका धातूचे तीन आकार

मराठी व्याकरणात एकच ध्वनिसमूह पुन्हा उच्चारून तयार झालेल्या शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात, आणि त्यांपैकी जे एखाद्या आवाजाची, हालचालीची किंवा दृश्याची नक्कल करतात त्यांना अनुकरणवाचक म्हणतात. ‘खळखळ’, ‘सळसळ’ हे आवाजाची नक्कल करणारे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत; परंतु प्रकाशाला आवाज नसतो, तरीही ‘लखलख’, ‘चमचम’, ‘झगमग’, ‘लुकलुक’, ‘मिणमिण’, ‘चकचक’ असे शब्द त्याच साच्यातून निघाले आहेत. डोळ्यांना जे दिसते त्याची लय इथे कानाला ऐकू येईल अशा रूपात मांडलेली असते.

या साच्याचे खरे सामर्थ्य ‘लख’ या ध्वनीच्या तीन रूपांत दिसून येते. ‘लखलख’ म्हणजे पुन्हा पुन्हा होणारे, न थांबणारे चमकणे, जसे अंगभर घातलेल्या दागिन्यांचे असते. ‘लखकन’ म्हणजे एकदाच आणि एका क्षणात झालेले चमकणे, ज्यात सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये अंतरच उरत नाही. ‘लख्ख’ म्हणजे स्थिर झालेला, पूर्ण पसरलेला, कुठेही मळभ नसलेला उजेड, जसे लख्ख ऊन किंवा घासूनपुसून लख्ख झालेली भांडी. ध्वनी दोनदा उच्चारला की क्रिया चालू राहते, त्याला ‘कन’ लागला की ती एका क्षणात आटोपते, आणि त्यातील व्यंजन जोडाक्षर झाले की ती अवस्था होऊन बसते. प्रकाशाची जात तीच राहते, मात्र काळ तिन्ही ठिकाणी वेगळा होतो.

हा नियम प्रकाशापुरता मर्यादित नाही. ‘पटपट’ आणि ‘पटकन’, ‘सरसर’ आणि ‘सरकन’, ‘खणखण’ आणि ‘खणकन’ या जोड्यांतही पहिला शब्द चालू राहणाऱ्या क्रियेचा आणि दुसरा एका झटक्यात संपणाऱ्या क्रियेचा आहे. ‘कन’च्या जागी ‘दिशी’ हा प्रत्ययही येतो, आणि कोल्हापूर-सातारा भागातील बोलण्यात ‘पटदिशी’, ‘झटदिशी’ ही रूपे सहज कानावर पडतात. त्याच बोलीत घाईसाठी ‘बिगीबिगी’ आणि थोड्याशा वेळासाठी ‘वाईच’ हे शब्द आहेत. ‘वाईच थांब’ असे म्हणणाऱ्याला मिनिटांचा हिशेब अभिप्रेत नसतो, तर समोरच्याने चिडू नये इतका थोडा वेळ अभिप्रेत असतो.

क्षणिक चमकेच्या या शब्दांनी पुढे प्रकाशाचे क्षेत्रही ओलांडले. एखादी गोष्ट लखकन आठवते, पण लहानपणीचा एखादा प्रसंग लख्ख आठवतो. पहिल्या वाक्यात आठवण अचानक येते, तर दुसऱ्यात ती स्वच्छ आणि कायम असते. ‘चमकणे’ याचा एक अर्थ दचकणे असा आहे, आणि पाठीत अचानक उठणाऱ्या कळेलाही ‘चमक भरणे’ असेच म्हणतात. डोक्याला जोराचा मार लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. या सर्व उपयोगांत उजेड नाहीसा झाला आहे आणि उरली आहे ती केवळ क्षणाची धार.

पाते लवते, वीज लवते

प्रकाश आणि क्षण यांना जोडणारा मराठीतील सर्वांत बोलका दुवा ‘लवणे’ या क्रियापदात आहे. या क्रियापदाचा मूळ अर्थ वाकणे किंवा झुकणे असा असला, तरी मराठीत डोळ्याचे पातेही लवते आणि वीजही लवते. ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ हा अत्यल्प काळ दाखवण्याचा वाक्प्रचार सर्वत्र रूढ आहे, आणि वळवाच्या पावसाआधी क्षितिजावर वीज लवताना पाहून शेतकरी मळणीवरचा माल झाकण्याची तयारी करतो. पापणीची हालचाल आणि आकाशातील चमक या दोन गोष्टी एकाच क्रियापदाने सांगणाऱ्या भाषेने दोहोंतील समान घटक अचूक ओळखला आहे, आणि तो म्हणजे त्यांचा अल्प अवधी.

अशी ओळख इतर भाषांनीही करून घेतलेली आहे. इंग्रजीतील ‘ट्विंकल’ हे क्रियापद ताऱ्याच्या लुकलुकण्यासाठी वापरले जाते आणि त्यापासून झालेला ‘ट्विंकलिंग’ हा शब्द डोळे मिचकावण्याइतक्या वेळासाठी वापरला जातो. जर्मन भाषेत क्षणाला ‘आउगेनब्लिक’ म्हणतात. त्यातील ‘आउगे’ म्हणजे डोळा आणि ‘ब्लिक’ म्हणजे दृष्टिक्षेप, परंतु जुन्या जर्मन भाषेत ‘ब्लिक’चा अर्थ प्रकाशाची चमक किंवा वीज असाच होता. संस्कृतातील ‘निमिष’ किंवा ‘निमेष’ हा शब्दही डोळे मिटण्याच्या क्रियेवरून आला आहे. माणसाला बाहेरून कोणतेही घड्याळ मिळण्यापूर्वी पापणी हेच त्याचे सर्वांत बारीक घड्याळ होते.

भारतीय गणितज्ञांनी मात्र या पापणीलाही निश्चित माप दिले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात अठरा निमिषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांची एक घटिका, दोन घटिकांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचा एक अहोरात्र म्हणजे पूर्ण दिवस असा क्रम दिलेला आहे. या हिशेबाने एका दिवसात ९,७२,००० निमिषे होतात आणि एक निमिष सेकंदाच्या सुमारे अकराव्या भागाएवढे ठरते. पापणी मिटून उघडण्यास प्रत्यक्षात साधारणपणे ०.१ ते ०.४ सेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर शास्त्रातील निमिष देहातील निमिषापासून फार दूर नाही, असे म्हणावे लागते.

व्यवहारात याहून ठोकळ मापे चालत. साठ घटकांचा दिवस, साठ पळांची घटका आणि साठ विपळांचे पळ अशी ही मोजणी असल्याने घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे होते. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडली की ती भरून बुडण्यास जो वेळ लागे ती घटका, आणि लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे घटिकापात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरले गेले. ‘घटका भरली’ या वाक्प्रचाराने शेवट जवळ आल्याचे सुचवले जाते, ते या बुडणाऱ्या वाटीवरूनच. घटका पूर्ण झाल्याची खूण म्हणून ज्या धातूच्या थाळीवर टोला देत, तिला ‘तास’ म्हणत, आणि पुढे तोच शब्द साठ मिनिटांच्या अवधीसाठी स्थिर झाला. ‘औट घटकेचे राज्य’ या प्रयोगातील ‘औट’ म्हणजे साडेतीन, त्यामुळे ज्या राजाची सत्ता अल्पकाळ टिकली त्याला मराठीने नेमकी ८४ मिनिटे दिलेली आहेत.

इंग्रजीतील काळाचे शब्द अशा वाटीतून किंवा पापणीतून फारसे आलेले नाहीत. ते बहुतांशी लॅटिनमधून आले. ‘मिनिट’ म्हणजे पहिला बारीक भाग आणि ‘सेकंद’ म्हणजे दुसरा बारीक भाग, अशी त्यांची गणिती उत्पत्ती आहे. ‘मोमेंट’ हा शब्द हालचालीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला असून मध्ययुगीन युरोपात तो तासाच्या चाळिसाव्या भागाचे, म्हणजे सुमारे ९० सेकंदांचे, माप होता. ‘क्षण’ या शब्दाचेही माप निरनिराळ्या भारतीय ग्रंथांत निरनिराळे आहे. बोलीने मात्र दोन्ही शब्दांची मोजपट्टी टाकून दिली आणि त्यांना केवळ अल्पकाळाचे नाव म्हणून ठेवले.

वीज, तारा आणि काजवा

आकाशातील विजेचे आधुनिक निरीक्षण मराठी शब्दयोजनेला अनपेक्षित पुष्टी देते. डोळ्यांना एकच वाटणारी वीज ही बहुधा त्याच मार्गाने लागोपाठ होणाऱ्या तीन-चार विसर्गांची, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या झोतांची, मालिका असते. दोन झोतांमध्ये साधारण ४० ते ५० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि सगळा प्रकार बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत, म्हणजे एका विपळाच्या आसपास, संपतो. मालिकेतील झोत कमी असले किंवा फार जवळजवळ आले तर वीज ‘लखकन’ चमकते, आणि झोत सुटे जाणवले तर ती ‘लखलखते’. दोन्ही वर्णने एकाच आकाशाबद्दल खरी असतात.

ताऱ्यांसाठी मराठीने ‘लुकलुकणे’ राखून ठेवले आहे. ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातील कमीअधिक उष्ण थरांतून येताना सतत थोडा थोडा वाकतो आणि तारा इतका दूर असतो की तो केवळ एका बिंदूसारखा दिसतो, त्यामुळे हा फरक लगेच जाणवतो. ग्रह मात्र दुर्बिणीतून लहान चकतीसारखे दिसतात, चकतीच्या निरनिराळ्या भागांतील फरक एकमेकांना भरून काढतात आणि म्हणून ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवेही लुकलुकतात, मात्र त्यांचे कारण शरीरातील आहे. ल्युसिफेरिन नावाचे रसायन ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने प्राणवायूशी संयोग पावते, त्यातून जवळजवळ उष्णता नसलेला प्रकाश बाहेर पडतो, आणि ती उघडझाप जोडीदाराला दिलेली खूण असते.

तेल संपत आलेला दिवा मात्र लुकलुकत नाही, तो ‘मिणमिणतो’. दोन्ही उजेड क्षीण आहेत, परंतु लुकलुकण्यात उघडझाप आहे आणि मिणमिणण्यात धुगधुगी आहे. तलवार आणि मध्यान्हीचा सूर्य ‘तळपतात’, आणि त्यात प्रकाशाबरोबर ताप किंवा धाकही येतो. बाजारातील रोषणाई ‘झगमगते’, कारण तिथे अनेक दिवे एकाच वेळी डोळ्यांत भरतात.

पृष्ठभागाची चमक आणि हुपरीची चांदी

स्वतःचा उजेड नसलेल्या वस्तूंची चमक हा शब्दांचा दुसरा मोठा गट आहे, आणि तो कारागिरांच्या हाताखाली घडला. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. कोल्हापूर शहरातील गुजरी ही सराफांची पेठ असून कोल्हापुरी साज हा तिचा सर्वांत ओळखीचा दागिना आहे. अशा ठिकाणी ‘चमक’ हा एकच शब्द पुरत नाही. घासून आणलेल्या गुळगुळीतपणाला ‘झिलई’ म्हणतात, आणि हा शब्द मुळात अरबीतून आला आहे. मोत्याला ‘पाणी’ असते, हिऱ्यालाही ‘पाणी’ असते. फारसीतील ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेज; तोच शब्द मराठीत माणसाची प्रतिष्ठा सांगण्यासाठी आला आणि लोक आपला आब राखू लागले. जुनी चांदी काळवंडली की तिला ‘उजाळा’ देतात, आणि पुढे आठवणींनाही उजाळा मिळू लागला.

चांदीच्या या झळाळीमागे साधे भौतिक कारण आहे. दृश्य प्रकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग परत पाठवण्याची क्षमता चांदीत आहे आणि या बाबतीत ती सर्व धातूंत अग्रेसर आहे. पृष्ठभाग जितका सपाट, तितके किरण एकाच दिशेने परततात आणि वस्तू ‘चकचकीत’ दिसते. खडबडीत पृष्ठभागावरून ते इतस्ततः विखुरतात आणि वस्तू निस्तेज वाटते. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळसर थर चढतो, तो काढला की खालची झळाळी पुन्हा दिसते. सजीवांच्या चमकेसाठी मात्र मराठीने वेगळे शब्द ठेवले आहेत; ताजे वांगे ‘तुकतुकीत’ असते, तेल लावलेल्या केसांना ‘तकाकी’ असते, आणि निरोगी चेहऱ्यावर ‘तेज’ असते. या शब्दांची अदलाबदल केली तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहील, परंतु मराठी वाचकाला ते खटकल्याशिवाय राहणार नाही.

सहा पळांचा उत्सव

कोल्हापूरच्या अंबाबाई म्हणजेच महालक्ष्मी मंदिरातील देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे, आणि वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण मंदिराच्या लांब अक्षावरून थेट गाभाऱ्यात पोहोचतात. परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबर तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस मानले जातात. पहिल्या दिवशी किरण चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावेत अशी अपेक्षा असते. या दोन तारखांचे रहस्य २१-२२ डिसेंबरच्या दक्षिणायनाच्या अंतात आहे. त्या दिवसाच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि ४१ दिवस नंतर सूर्य आकाशात एकाच ठिकाणी मावळतो, आणि कोल्हापूरच्या अक्षांशावर ते ठिकाण नेमक्या पश्चिमेच्या जवळपास १८ अंश दक्षिणेला येते.

उत्सव मोजकेच दिवस का टिकतो, याचेही उत्तर या भूमितीत आहे. या काळात सूर्यास्ताची जागा दररोज सुमारे ०.३ अंशाने सरकते, म्हणजे सूर्यबिंबाच्या निम्म्याहून किंचित अधिक अंतराने. त्यामुळे दोन-चार दिवसांतच किरणांची दिशा मंदिराच्या अक्षावरून सुटते. प्रत्यक्ष सूर्यबिंब क्षितिजाखाली पूर्ण जाण्यास कोल्हापुरात सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे जुन्या मोजणीने जवळजवळ सहा पळे. सूर्य खाली जातो तसतसे त्याचे किरण अधिकाधिक आडवे होतात, म्हणून मंदिरात उजेड आधी जमिनीवरून आत सरकतो आणि मग मूर्तीवर वर चढतो.

हा प्रवास सांगताना स्थानिक लोक टप्प्यांची ठरलेली नावे घेतात. किरण महाद्वारातून येतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकात येतात, मग पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि कटांजन म्हणजे मूर्तीसमोरचा कठडा या क्रमाने आत जातात. पश्चिमेकडील इमारती, धूलिकण, ढग किंवा धुके यांपैकी काहीही आड आले तर किरण यांतील एखाद्या टप्प्यावरच लोपतात, आणि ‘किरण उंबऱ्यापर्यंत आले’ हे वाक्य त्या संध्याकाळची संपूर्ण नोंद ठरते. वेळेची नोंद इथे जागेच्या नावांनी होते.

फटीतून आत येणाऱ्या अशा उजेडासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत. तिरपा, अरुंद, पट्ट्यासारखा येणारा उजेड म्हणजे ‘तिरीप’, आणि तो जिथे पडतो तो उजळलेला ठिपका म्हणजे ‘कवडसा’. कौलाच्या फटीचा आकार कसाही असला तरी जमिनीवरचा कवडसा बहुधा गोल दिसतो, कारण लहान छिद्रातून पडणारा तो ठिपका म्हणजे सूर्यबिंबाची प्रतिमाच असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात, हा त्याचा पुरावा आहे. कवडसा सरकतो, म्हणून घड्याळ नसलेल्या घरात त्यावरून वेळही कळे.

सीमेपलीकडील साक्ष आणि इंग्रजीची रीत

चमकेचे शब्द असे जोडीजोडीने घडवण्याची रीत एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये चकाकण्यासाठी ‘फळफळ’ असा दुहेरी शब्द आहे आणि एका क्षणात चमकून जाण्यासाठी ‘फळ्ळने’ असे रूप आहे. क्षीण उजेडासाठीचे ‘मिणमिण’ दोन्ही भाषांत ओळखीचे आहे. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले, म्हणजे वेगवेगळ्या कुळांच्या भाषाही शेजारामुळे सारख्या घडत जातात असे दाखवले, आणि १९६९ मध्ये त्याने अनुकरणवाचक शब्द हा या सारखेपणाचा एक ठळक पुरावा म्हणून पुढे ठेवला. कागल-निपाणीच्या पट्ट्यात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना हा पुरावा रोजच्या बोलण्यात मिळतो.

इंग्रजीने वेगळी वाट धरली. तिथे ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिंट’, ‘ग्लिमर’, ‘ग्लिसन’ असे चमकेचे अनेक शब्द ‘ग्ल’ या एकाच जोडाक्षराने सुरू होतात. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने, जो त्याआधी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात अध्यापक होता, १९३० मध्ये अशा अर्थसूचक ध्वनींसाठी ‘फोनेस्थीम’ ही संज्ञा सुचवली. इंग्रजीत अर्थाची खूण शब्दाच्या आरंभी असते आणि छटा पुढच्या अक्षरांत बदलते; मराठीत ध्वनी निवडून प्रकाशाची जात ठरते आणि त्या ध्वनीला दिलेल्या आकाराने त्याचा अवधी ठरतो.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात आणि १९३२ ते १९३८ या काळात य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी काढलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त यांतील बहुतेक शब्द जागच्या जागी सापडतात. तरीही पाठ्यपुस्तके, बातम्या आणि अनुवाद यांत आज प्रत्येक उजेडाला ‘चमकणे’ आणि प्रत्येक अल्पकाळाला ‘क्षण’ हे दोनच शब्द पुरवले जातात, त्यामुळे तारा, तलवार, वांगे आणि वीज एकसारखीच चमकू लागतात. इंग्रजीतील ‘ग्लिमर’ आणि ‘ग्लिंट’ यांना मराठीत प्रतिशब्द नाही अशी तक्रार करण्यापूर्वी अनुवादकाने तो उजेड किती वेळ टिकतो, एवढा एक प्रश्न विचारावा. मिणमिण, लुकलुक, लखकन आणि लख्ख यांपैकी योग्य शब्द त्याला त्या उत्तरातूनच मिळेल.